धंदा विकला की त्या भागाचं नेमकं काय जातं?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: फॅमिली बिझनेसमुळे एखाद्या भागाची अर्थव्यवस्था खरंच मजबूत होते का, की हे नुसतं भावनिक बोलणं आहे? आणि पुढची पिढी नको म्हणाली, धंदा बाहेरच्या कंपनीला विकला, तर तोटा फक्त त्या घराचा की सगळ्यांचा? आणि विकायचंच झालं तर करारात काय टाकायचं? मी बरीच वर्षं घरच्या धंद्यांच्या वाटण्या, वारस, विक्री याच कामात आहे, विकणाऱ्यांच्या बाजूनेही बसलोय आणि घेणाऱ्यांच्याही, त्यामुळे जरा लांबण लागेल, सवडीने वाचा.

आधी सरळ उत्तर देतो. मजबूत होते, पण आडनावामुळे नाही. पाटीवर कोणाचं नाव आहे याने त्या भागाला काडीचाही फरक पडत नाही, फरक पडतो तो खरेदीची ऑर्डर कुठल्या टेबलावरून निघते, नफा कुठल्या बँकेत पडून राहतो, पुढच्या वर्षी काय बनवायचं हे कोण ठरवतं आणि मंदी आली की कोणाला काढायचं हे ठरवणारा माणूस त्या कामगाराला उद्या रस्त्यात भेटणार आहे की नाही यावर. घरचा धंदा असला की या सगळ्या गोष्टी बहुतेक वेळा त्याच भागात राहतात, एवढंच त्याचं महत्त्व. आणि म्हणूनच घराण्याकडे मालकी राहूनसुद्धा भागाचं नुकसान होऊ शकतं, आणि विकूनसुद्धा भाग टिकू शकतो. दोन्ही बघितलंय.

लोकांना वाटतं विक्री झाली म्हणजे कुलूप लागलं. तसं लगेच क्वचितच होतं. पहिलं वर्ष तर उलट मस्त जातं, रंगरंगोटी होते, नवीन मशिन येतं, मॅनेजर लोकांचे पगार वाढतात, सगळे म्हणतात बरं झालं विकलं. हलते ती खरेदी, आणि ती इतकी हळू हलते की कोणाच्या लक्षात येत नाही. हे जरा जवळून सांगतो कारण मुख्य गोष्ट इथेच आहे.

समजा मशिनचे पार्ट बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. खरेदी बघतो मालकाचा चुलतभाऊ. त्याच्याकडे दोन-तीन टूलरूमवाले (डाय, म्हणजे पार्टला आकार देणारे साचे, बनवून देणारे), एक हीट ट्रीटमेंटवाला (पार्ट तापवून कडक करणारा), एक पॅकिंगचे खोके देणारा, एक मोजमापाची गेज तपासून बरोबर करून देणारा, दोन ट्रान्सपोर्टवाले. संध्याकाळी डाय तुटली की फोन जातो, टूलरूमवाला रात्री माणूस थांबवतो, सकाळी डाय लागते, बिल नंतर येतं, भावावरून थोडी खेचाखेच होते आणि महिन्याभरात पैसे सुटतात. हातात तंगी असेल तर ऍडव्हान्ससुद्धा मिळतो. आता विक्री होते. नव्या मालकाची खरेदी हेड ऑफिसमधून. टूलरूमवाल्याला सांगितलं जातं की आधी पोर्टलवर रजिस्टर व्हा, व्हेंडर कोड घ्या, विम्याचा कागद लावा, तीन कोटेशनशिवाय ऑर्डर निघणार नाही आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. यात कोणाचा वाईट हेतू नाही हे लक्षात घ्या, हेड ऑफिसमधला माणूस त्याच्या शीटप्रमाणे बरोबरच वागतोय. पण ज्याच्याकडे सहा माणसं आहेत आणि स्टील रोखीने घ्यावं लागतं त्याला नव्वद दिवस ओढणं जमतच नाही. तो बँकेकडे जातो, बँक तारण मागते, तारण म्हणजे राहतं घर. एक-दोन वर्षं ओढतो आणि मग शटर खाली. आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, तो टूलरूमवाला आजूबाजूच्या आणखी पाच कंपन्यांची पण डाय करत होता. त्यांनी काहीच विकलेलं नाही, त्यांच्यात काही भांडण नाही, पण त्यांचा रात्रीत डाय करून देणारा माणूस गेला. आता त्यांना डाय लांबून आणावी लागते, चार दिवस लाइन उभी. पुढे यातली एखादी कंपनी म्हणते की मग आपण पण तिकडेच का जाऊ नये.

भागाचं नुकसान होतं ते असं. एका कंपनीच्या विक्रीने नाही, सगळ्यांना सामाईक असलेला सप्लायर मोडल्यामुळे. कुठल्याच रिपोर्टमध्ये हे दिसत नाही कारण विकलेल्या कंपनीतल्या नोकऱ्या तेवढ्याच असतात.

हे काही माझं शोधलेलं नाही. अल्फ्रेड मार्शल या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने १८९० मध्ये शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांसारख्या धंद्यांकडे बघून हेच मांडलं होतं, की एकाच कामाची माणसं एका जागी जमली की त्या कामातली खुबी कोणाची खाजगी राहत नाही, ती तिथल्या हवेतच असते, पोरं न शिकवता शिकतात, आणि आजूबाजूला सुटे धंदे उभे राहतात जे एकट्या कंपनीला कधी परवडले नसते. नंतर इटलीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. फ्लॉरेन्सजवळचं प्रातो बघा. जुन्या लोकरी चिंध्यांपासून पुन्हा कापड करणारं गाव. तिथल्या मोठ्या गिरण्या १९५० च्या दशकात अडचणीत आल्या आणि माग कामगारांकडेच गेले, म्हणजे कालचा कामगार आज दोन मागांचा मालक. मग घराघरात एकेक काम, कोणी सूत कातणार, कोणी विणणार, कोणी रंगवणार, आणि मधे एक माणूस जो गिऱ्हाइकाकडून ऑर्डर आणून या सगळ्यांत वाटणार. त्या माणसाकडे स्वतःचं मशिन नसायचं, पण कोणाकडे कुठला माग रिकामा आहे, कोण वेळेत देतो, कोणाच्या घरात लग्न आहे म्हणून या महिन्यात काम देऊ नये, हे सगळं त्याच्या डोक्यात. असा माणूस गेला की त्याच्या जागी सॉफ्टवेअर येत नाही.

जर्मनीतलं टुटलिंगन पण तसंच, चाळीस हजाराच्या आतलं शहर, पण ऑपरेशनची हत्यारं बनवणाऱ्या शेकडो कंपन्या, त्यात कार्ल श्टॉर्झसारखी १९४५ मध्ये सुरू झालेली आणि अजून घराण्याकडेच असलेली मोठी कंपनी आणि चार-पाच माणसांची वर्कशॉपं शेजारी शेजारी. तिथे सर्जिकल हत्यारं बनवण्याची साडेतीन वर्षांची रीतसर अप्रेंटिसशिप आहे. एकाने शिकवलेला पोरगा उद्या दुसऱ्याकडे जाणार हे माहीत असून सगळे शिकवतात, कारण दुसऱ्याने शिकवलेला आपल्याकडे येतो. हा हिशोब फक्त तिथे जमतो जिथे सगळ्यांना खात्री असते की शेजारचा वीस वर्षांनी पण इथेच असणार. आणि पैसा पण तिथलाच, जर्मनीतल्या बचत बँका, ज्यांना श्पारकासे म्हणतात, त्यांनी आपल्याच इलाख्यात धंदा करायचा असा नियम आहे. म्हणजे ठेव त्या भागातली, कर्ज त्या भागात. कर्ज देणारा मॅनेजर मालकाला ओळखतो, त्याच्या मुलाचा धंद्यात जीव रमतोय की नाही हे पण त्याला माहीत असतं, आणि खरं सांगायचं तर ती माहिती ताळेबंदापेक्षा जास्त कामाची.

नोकऱ्यांबद्दल एक गोष्ट जी दोन्ही बाजूचे लोक अर्धीच सांगतात. फ्रान्समधल्या शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांवर स्राएर आणि तेस्मार या दोघांचा २००७ चा अभ्यास आहे. वारसांनी चालवलेल्या कंपन्या मंदीत कमी माणसं काढतात असं त्यात निघालं. फॅमिली बिझनेसवाले हे वाक्य छाती फुगवून सांगतात. पण त्याच अभ्यासात हे पण आहे की त्या पगार कमी देतात. म्हणजे कामगार एक प्रकारे विम्याचा हप्ता भरतोय, दर महिन्याला थोडं कमी घेतोय आणि बदल्यात वाईट वर्षात घरी बसत नाही. ज्या भागात दुसरी नोकरी मिळणं अवघड तिथे हा सौदा कामगाराला परवडतो, मोठ्या शहरात नाही परवडत, तिथे तरुण पोरं सरळ सोडून जातात. त्यामुळे घरचे मालक चांगले की वाईट असं विचारण्यात अर्थ नाही.

आता पुढच्या पिढीवर येतो. इथे आधी एक जुनं वाक्य बाजूला काढू, की पहिली पिढी कमावते, दुसरी सांभाळते, तिसरी उडवते. हे वाक्य जगभर बऱ्याच भाषांत आहे आणि त्याला आधार म्हणून एक आकडा फिरवला जातो, की तिसऱ्या पिढीपर्यंत फक्त १३ टक्के धंदे टिकतात. हा आकडा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या साधारण दोनशे कारखान्यांच्या एका अभ्यासातून आलाय, काळ १९२४ ते १९८४, म्हणजे मधे महामंदी, महायुद्ध सगळं आलं. आणि टिकलं म्हणजे काय, तर त्याच घराण्याकडे राहिलं. चांगल्या भावाला विकून तीन भावंडांनी तीन नवे धंदे काढले तरी ते त्या हिशोबात टिकलं नाही. शिवाय साठ वर्षं टिकणाऱ्या बिगर घराण्याच्या कंपन्या तरी किती असतात? तेव्हा कोणी सेमिनारमध्ये हा आकडा फेकला की घाबरून जाऊ नका.

पण वारस चांगला चालवेल का हा प्रश्न खराच आहे, आणि त्यावर डेन्मार्कचा एक फार हुशारीने केलेला अभ्यास आहे, तोही २००७ चा. अडचण अशी असते की घरचा वारस आणि बाहेरचा मॅनेजर यांची सरळ तुलना करता येत नाही, कारण धंदा आधीच वाईट चालला म्हणून बाहेरचा आणला असेल किंवा उलट. मग त्या संशोधकांनी काय बघितलं, तर मालकाचं पहिलं अपत्य मुलगा की मुलगी. पहिला मुलगा झाला की गादी घरातच जाण्याची शक्यता वाढते, आणि मुलगा होणं की मुलगी होणं याचा कंपनीच्या तब्येतीशी काही संबंध नाही, म्हणजे निव्वळ नशीब. त्यावरून हिशोब केला तर घरचा वारस बसला की मालमत्तेवरचा नफा किमान चार टक्के पॉइंटने घसरतो असं आलं. चार म्हणजे थोडे नाहीत हो. बऱ्याच चांगल्या चाललेल्या धंद्याचा एकूण परतावाच आठ-दहा असतो. आणि या अभ्यासातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट नफ्याची नाही, ही आहे की पहिली मुलगी झाली म्हणून वारस घरात नाही असं धरून चालणारी माणसं तिथेही होती. अनेक घरात बघतो, मुलीने अकाउंट सांभाळले, एक्स्पोर्टचे कागद केले, गिऱ्हाइकं तिला नावाने ओळखतात, आणि वडील मला विचारतात की साहेब आमच्याकडे तर कोणीच नाही, विकून टाकू का.

जपानने यावर वेगळीच वाट काढली. तिथे धंद्यासाठी मोठ्या माणसाला दत्तक घेतात, बहुतेक वेळा मुलीचं लग्न हुशार माणसाशी लावून जावयालाच आपलं आडनाव द्यायचं. सुझुकी कंपनीचे ओसामू सुझुकी असेच, लग्नानंतर सासरचं आडनाव घेतलं, १९५८ मध्ये कंपनीत आले, १९७८ मध्ये प्रमुख झाले आणि पुढे काही दशकं कंपनी त्यांनीच चालवली. जपानी कंपन्यांवरच्या २०१३ च्या अभ्यासात दत्तक वारसांच्या कंपन्या रक्ताच्या वारसांच्या कंपन्यांपेक्षा सरस निघाल्या. कारण साधं आहे, मुलगा निवडता येत नाही, जावई निवडता येतो. आणि सख्ख्या मुलालाही कळतं की गादी आपोआप मिळणार नाही, तो पण नीट काम करतो. हे उचलून दुसरीकडे लावा असं मी म्हणत नाही, प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी, पण निवडीला जागा ठेवा हे घेण्यासारखं आहे.

जपानचाच दुसरा आकडा मात्र छातीत धडकी भरवणारा. तिथल्या सरकारने अंदाज काढला होता की २०२५ पर्यंत छोट्या-मध्यम धंद्यांचे सुमारे २४.५ लाख मालक सत्तरीच्या पुढे असतील आणि त्यातल्या जवळपास अर्ध्यांकडे, म्हणजे १२.७ लाखांकडे, पुढे कोण हे ठरलेलं नाही. काहीच केलं नाही तर सुमारे ६५ लाख नोकऱ्या धोक्यात. आणि बंद होणाऱ्यांपैकी साधारण निम्मे धंदे नफ्यात होते! म्हणजे गिऱ्हाईक आहे, ऑर्डर आहे, पैसा आहे, फक्त मालक थकला. तुम्ही विक्रीला घाबरताय, पण भागाच्या दृष्टीने विक्रीपेक्षा वाईट गोष्ट ही आहे, चालता धंदा गुपचूप बंद होणं. विक्रीची निदान बातमी होते. हे तर असं होतं की एक दिवस माल येणं थांबतं आणि कळतं की आजोबांनी मशिनं भंगारात दिली. तिथल्या सरकारने मग प्रत्येक प्रांतात वारस नसलेले धंदे आणि घेऊ इच्छिणारे यांची गाठ घालून देणारी केंद्रं उघडली. उशिरा का होईना.

या गुपचूप बंद होण्याचं एक कारण कोणी उघड बोलत नाही, ते म्हणजे जागा. धंदा तीस-चाळीस वर्षांपूर्वी गावाबाहेर सुरू झाला, आज गाव त्याच्या पुढे गेलंय. जमिनीची किंमत धंद्याच्या किमतीच्या कित्येक पट. आता वारसांनी टेबलावर बसून हिशोब केला की धंदा चालवून वर्षाला इतके मिळणार आणि जमीन विकून आत्ता इतके, तर कोण धंदा चालवेल? त्यात जमीन कंपनीच्या नावावर नसतेच, आईच्या नावावर असते किंवा चार भावंडांच्या सामाईक. भाडं कधी ठरलेलं नसतं कारण घरचंच आहे. म्हणजे धंद्याचा जो नफा दिसतोय त्यातला मोठा भाग खरं तर फुकटच्या भाड्याचा असतो, आणि जो भाऊ धंद्यात नाही त्याच्या मनात हे वर्षानुवर्षं साठत जातं. मी कुठल्याही घरात गेलो की सगळ्यात आधी मशिनं नाही बघत, जागेचा उतारा कोणाच्या नावावर आहे ते विचारतो. निम्मी भाऊबंदकी तिथेच सापडते.

एका घरात बसलो होतो. थोरला धंदा चालवतो, बहीण दुसरीकडे नोकरीला, धाकटा स्टोअर बघतो म्हणजे बघतो म्हणायचं. वडिलांचा एकच हट्ट, सगळ्यांना सारखं. ऐकायला किती छान. थोरला बारा-बारा तास राबतो आणि एक तृतीयांश मिळतो, बहिणीला वाटतं दादा गाडी, पेट्रोल, फोन सगळं कंपनीतून काढतो आणि मला वर्षाला डिव्हिडंडच्या नावाखाली मिठाईचा डबा, धाकट्याला वाटतं मी इथे आहे म्हणून मला जास्त हवं. तिघंही खरं बोलत होते! त्या दिवशी मी फक्त तीन वेगळे कागद केले. एकावर कोण काय काम करतो आणि तेच काम बाहेरच्या माणसाला दिलं तर किती पगार द्यावा लागेल, दुसऱ्यावर शेअर कोणाचे किती आणि नफ्यातला किती हिस्सा दरवर्षी नक्की वाटायचा, तिसऱ्यावर जागेचं बाजारभावाने भाडं. पगार कामाचा, डिव्हिडंड शेअरचा, भाडं जागेचं. धाकट्याचा पगार कागदावर आला तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. पण बहिणीचा आवाज खाली आला, कारण तिला पहिल्यांदा कळलं की दादा बाजारभावापेक्षा कमी घेतोय. मालकी, घर आणि कारभार ही तीन वर्तुळं वेगळी धरा हे हार्वर्डच्या तागिउरी आणि डेव्हिस यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी मांडलं, आज कुठलाही कन्सल्टंट हेच चित्र काढून फी घेतो, पण चित्र काढणं सोपं, धाकट्याचा पगार लिहिणं अवघड.

आणखी एक, शेअर विकत घ्यायचा फॉर्म्युला कोणालाच विकायचं नसतं तेव्हाच ठरवून ठेवा. भाव कसा काढायचा, पैसे किती वर्षांच्या हप्त्यांत द्यायचे, बाहेरच्याला विकायच्या आधी घरच्यांना किती दिवस विचारायचं. भांडण सुरू झाल्यावर ठरवायला गेलात तर विकणाऱ्याचा सीए आणि घेणाऱ्याचा सीए दोन वेगळ्या कंपन्यांचं मूल्यांकन करतायत की काय असं वाटतं.

कायद्याने यात किती फरक पडतो याची दोन उदाहरणं. इटलीत वारसांचा सक्तीचा हिस्सा असतो, त्यामुळे बापाला एकाच मुलाकडे धंदा द्यायचा तर अडचण, मग २००६ मध्ये त्यांनी कौटुंबिक कराराची सोय केली, बाप हयात असतानाच धंदा एकाकडे आणि बाकीच्यांना पैशाने भरपाई, सगळ्यांच्या सह्या, नंतर कोर्टात उकरायचं नाही. जर्मनीत वारसा कर आहे पण धंदा मिळालेल्या वारसाला मोठी सूट मिळते, आणि सूट कशाला बांधली आहे बघा, पगारबिलाला. अगदी छोट्या सोडून बाकी कंपन्यांत पुढच्या पाच वर्षांचं एकूण पगारबिल आधीच्या पाच वर्षांच्या वार्षिक सरासरीच्या किमान चौपट भरलं तर ८५ टक्के सूट, सात वर्षांत सातपट भरलं तर पूर्ण सूट, अर्थात बाकी अटी आहेतच आणि फार मोठ्या संपत्तीला नियम वेगळे. २०१४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही सूट फार सढळ आहे म्हणून ताशेरे मारले आणि २०१६ मध्ये नियम आवळले. टीका करण्यासारखं त्यात बरंच आहे, श्रीमंतांची पोरं कर न भरता सुटतात हा आरोप खोटा नाही. पण कल्पना मला पटते, की समाज तुला कर माफ करतोय तो तुझ्या आडनावासाठी नाही, तिथल्या नोकऱ्यांसाठी.

आता दुसरी बाजू, कारण घराण्यांची आरती करायची नाहीये. एखाद्या गावात एकच घराणं सगळं असेल तर तो मोठा धोका. डेन्मार्कमधलं बिलुंड म्हणजे लेगोचं गाव. १९३२ ला तिथे एका सुताराने लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, १९६२ मध्ये कंपनीने स्वतःच्या वापरासाठी धावपट्टी बांधली आणि दोन वर्षांत ती सार्वजनिक विमानतळ झाली. एवढ्याशा गावाला विमानतळ! अमेरिकेत इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं छोटं शहर आहे, तिथे कमिन्स इंजिन कंपनीच्या फाउंडेशनने १९५० च्या दशकापासून ठरवलं की शाळा, फायर स्टेशन अशा सार्वजनिक इमारतींना नामवंत आर्किटेक्ट घ्या, त्याची फी आम्ही भरतो. त्यामागे जे. आयर्विन मिलर हा घराण्यातला माणूस होता, त्याचं म्हणणं चांगले इंजिनिअर या गावात राहायला यावेत. १९८९ मध्ये एका ब्रिटिश ग्रुपने कमिन्सचे शेअर गोळा केले तेव्हा याच घराण्याने स्वतःच्या खिशातून जास्त भाव देऊन ते परत घेतले. हे सगळं उत्तमच. पण असं गाव त्या घराण्याच्या मर्जीवर असतं, उद्या तिथल्या वारसाची मर्जी फिरली तर गावाकडे दुसरं काही नाही. प्रातो किंवा टुटलिंगनमध्ये एक घर बसलं तरी शेजारी शंभर आहेत.

आणि घराणं असूनही टेबल हलू शकतं म्हणालो ते असं. इटलीतलं तुरीन म्हणजे फियाट आणि आन्येल्ली घराणं. २०१४ मध्ये क्रायस्लरशी जोडून झालेल्या नव्या कंपनीची कायदेशीर नोंदणी नेदरलँड्समध्ये गेली, कर भरण्याचं ठिकाण ब्रिटन. घराण्याची स्वतःची होल्डिंग कंपनी, म्हणजे त्यांचे शेअर जिच्याकडे असतात ती, पण २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये. घराणं तेच, कारखाना तिथेच, पण निर्णयाचा पत्ता बदलला. याच्या उलट जपानमधली कोंगो गुमी, देवळं बांधणारी, इसवी सन ५७८ पासूनची. १९८० च्या दशकातल्या जमिनीच्या तेजीत कर्ज काढून बसले, ते फेडता आलं नाही, २००६ मध्ये एका मोठ्या बांधकाम कंपनीने ती घेतली. चौदाशे वर्षांचं घराणं संपलं म्हणून सगळीकडे हळहळ झाली, पण देवळं बांधायचं काम त्याच नावाने चालू आहे. भागाला आणि त्या कलेला हवं होतं ते टिकलं.

म्हणून विकायचंच असेल तर कोणाला विकता हे बघा. शेजारचा, त्याच धंद्यातला घेणारा पुष्कळदा थोडा कमी भाव देतो पण खरेदी त्याच भागात ठेवतो. कामगारांनीच घेणं हा पण पर्याय आहे, इटलीत १९८५ च्या मार्कोरा कायद्याने अशा कामगारांच्या सहकारी संस्थांना भांडवलाची मदत होते, ब्रिटनमध्ये २०१४ पासून कामगारांच्या ट्रस्टला धंदा विकणाऱ्या मालकाला करात सवलत आहे. पण हे तिथेच चालतं जिथे मालकाच्या खाली दुसरी फळी तयार आहे. सगळे निर्णय मालकच घेत आला असेल तर कामगारांच्या हातात देऊन तो मोकळा होईल, ते अडकतील.

करारात काय टाकायचं हेही विचारलं होतं. पाच वर्षं कारखाना हलवणार नाही असं लिहून घेणं सगळ्यांना आवडतं, माझा त्यावर फार विश्वास नाही, सहाव्या वर्षी काय? त्यापेक्षा प्लँटच्या मॅनेजरला ठराविक रकमेपर्यंत स्वतः खरेदी करायचा अधिकार राहील हे लिहून घ्या, छोट्या सप्लायरच्या पेमेंटचे दिवस निदान दोन-तीन वर्षं आहेत तेच राहतील हे घ्या. जागा विकू नका, भाडेपट्ट्याने द्या, म्हणजे घेणारा धंद्यासाठी घेतोय की जमिनीसाठी हे पहिल्याच मीटिंगमध्ये उघडं पडतं, जमिनीवर डोळा असलेला तिथूनच उठून जातो. आणि तुमच्या वडिलांनी बँकेला वैयक्तिक गॅरंटी दिलेली असणारच, ती पैसे हातात पडतील त्याच दिवशी सुटली पाहिजे, नंतर बघू म्हणणाऱ्यांचे हाल बघितलेत, धंदा दुसऱ्याचा आणि कर्जाची नोटीस यांच्या दारात. बाकी कर आणि वारसाचे नियम जिथले तिथे वेगळे आहेत, तेवढं तिथल्याच वकिलाकडून करून घ्या.